गरम हाताचं माप

माझ्या बायकोचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे हे मला कळलं, तेव्हा ती मला डबा द्यायला आली होती. नेमबाजी शिकायला नव्हे, डबा द्यायला. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे माझ्या पोटात का दुखलं ते वेगळं सांगत बसायला नको.

शिरूरला बायपासच्या कडेला पत्र्याच्या शेडात आमची रेंज आहे. दहा मीटरवर कागदी टार्गेट, हवेच्या दाबावर चालणारं पिस्तूल एका हातात, दुसरा हात खिशात. मी चार वर्षं दर रविवारी न्हावऱ्याहून मोटरसायकलवर तिथं जात होतो. चार वर्षं! रोज पहाटे विटेला दोरी बांधून ती ताठ हातानं धरून उभा राहायचो. हात थरथरतो म्हणून चहा सोडला होता. शेजारी विचारायचे, "काय पाव्हणं, दरोडा घालायचा हाय का?" आमचे शिकवणारे सर पोलिसातून निवृत्त झालेले. चार वर्षांत त्यांच्या तोंडून एकदाच "बरं आहे" ऐकलं, आणि तेही बहुधा हातातल्या चहाला होतं.

त्या रविवारी मी डबा विसरलो. बायकोचं शिरूरला तहसीलमध्ये काम होतं, म्हणून ती डबा घेऊन आली. सर सहज म्हणाले, "ताई, आलाच आहात तर मारून बघा की पाच छर्रे." माझंच पिस्तूल तिच्या हातात दिलं. मीच हौसेनं पाय कुठं ठेवायचे ते दाखवलं.

नऊ, दहा, नऊ, दहा, दहा.

सर खुर्चीतून उठले. सर उठतात हेच मी पहिल्यांदा पाहिलं. "याआधी कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं.

"न्हाई वो, कुठलं शिकायला. घरी दोन म्हशी हायेत, तेवढंच." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "डबा रिकामा करून द्या, मला साडेअकराची यष्टी हाय."

सरांनी मग सगळ्यांना जमवून तिच्या मनगटावर भाषण दिलं. सकाळ-संध्याकाळ धारा काढून असं मनगट होतं, जिममध्ये होत नाही, वगैरे. मी तिथंच भिंतीला टेकून भेंडीची भाजी खात होतो. मी जळालो. दुसरा शब्द नाही त्याला. संध्याकाळी घरी तिनं विचारलं, "बरं झालं का हो ते माझं?" मी म्हणालो, "पिस्तूल चांगलं आहे."

पुढच्या रविवारपासून ती माझ्याबरोबर यायला लागली. जाताना गाडीवर माझ्या मागं बसायची आणि उतरल्यावर माझ्या पुढं जायची. सर तिची टार्गेटं भिंतीला लावायचे. माझी मी घडी घालून खिशात ठेवायचो. सणसवाडीला कंपनीत कुणी विचारलं तर तिचा स्कोअर वीसनं कमी सांगायचो. माझा सांगायचोच नाही. एकदा तर तिचे तीन दहा सलग गेल्यावर मी छर्ऱ्यांच्या डबीवर काय छापलंय ते वाचून पाहिलं, जणू तिचे छर्रे वेगळे होते. डबी एकच होती, मीच आणलेली.

आणि हे सगळं ती परक्या मुठीनं करत होती, हे जास्त झोंबायचं. पिस्तूल कारखान्यातून येतं ते कुठल्या तरी मधल्या मापाच्या हातासाठी बनवलेली लाकडी मूठ घेऊन. त्या मुठीला आपल्या हातासारखं करणं, हाच या खेळातला अर्धा खेळ. मी कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर आहे, कानस हे माझं सहावं बोट समजा. मी माझ्यासाठी शिसवी लाकडाचा ठोकळा आणून तीन महिने कोरला. प्रत्येक बोटाला त्याची जागा, तळव्याखाली टेकायला फळी, अंगठ्याला खाच. ट्रिगरला पाचशे ग्रॅमचं वजन टांगून तो नियमात बसेल इतका हलका केला. एवढं करून माझे आठ जायचे. कारखान्याची ती जुनी मूठ खोक्यात पडून होती, तीच बायको वापरायची. तिचं शेवटचं बोट त्या मुठीबाहेर हवेत लोंबायचं. तरी दहा!

मग दौंडला जिल्ह्याच्या स्पर्धा लागल्या. पाचशे तीस किंवा त्याहून जास्त गुण घेणारे राज्याच्या स्पर्धेला जाणार होते. सरांनी यादी लावली. पुरुषांत माझं नाव नव्हतं, बायकांत तिचं पहिलं होतं. सर मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताईंच्या हाताची मूठ करून द्या. राज्याला जातील त्या. तुमच्यासारखी कानस चालवणारा मी पाहिला नाही." चार वर्षांनी कौतुक झालं, तेही कानशीचं. जाता जाता म्हणाले, "आणि मॅचच्या आधी दोन दिवस ताईंना जड काम नको. धारा-बिरा बंद."

इथं टूलरूमची एक गोष्ट सांगायला हवी. मशीनवरून उतरलेला जॉब, म्हणजे घडवलेला तुकडा, गरम असतो आणि गरम जॉब फुगलेला असतो. त्याचं माप घ्यायचं नाही. गार होऊ द्यायचा, मग मोजायचा. नाहीतर आज बरोबर दिसतो आणि उद्या ढिला बसतो. नवा माणूस आला की मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. घरी जेवतानाही सांगतो. बायकोला पाठ झालंय.

रविवारी सकाळी मी पडवीत बसून कारखान्याची मूठ तासली आणि वरून लाकडाची पुट्टी थापली. त्या ओल्या पुट्टीत हात दाबला की हाताचा ठसा उठतो, मग वाळल्यावर कानस लावायची. ती गोठ्यातून आली. दोन म्हशी पिळून आलेला हात, लालबुंद, बोटं टम्म फुगलेली.

"जरा थांबू का? हाताची नुसती आग व्हायलीय," ती म्हणाली.

"पुट्टी वाळेल," मी म्हणालो.

पुट्टी वाळायला अर्धा तास होता. आणि माझ्या डोक्यात त्याच क्षणी आलं होतं, गरम जॉब. अगदी स्वच्छ आलं होतं, पाटीवर लिहिल्यासारखं. दोन दिवस धारा बंद झाल्या की हा हात उतरणार आणि मूठ ढिली पडणार, हेही आलं. मी तिच्या तळव्याला खोबरेल लावलं आणि म्हणालो, "धर घट्ट."

मूठ देखणी झाली, हे मात्र सांगतो. कुणीही हातात घेऊन दोनदा फिरवून बघावी अशी. रविवारी ती धार काढूनच गाडीवर बसायची, त्यामुळं रेंजवर मूठ हातात चपखल बसायची. पाचशे चाळीस, पाचशे चव्वेचाळीस. सरांनी टाळ्या वाजवल्या. आतून आणखी एक पुट्टीचा थर दिला असता तर सगळं निस्तरलं असतं. एका संध्याकाळचं काम होतं. त्या संध्याकाळी मी टीव्ही बघितला.

स्पर्धेच्या आधी दोन दिवस ती यवतला मावशीकडं गेली. तिथं डोहाळजेवण होतं, आणि हाताला आरामही होईल म्हणून सरांनीही बरं म्हटलं. पिस्तूल तिच्याबरोबरच दिलं. घरच्या धारा तेवढ्यापुरती गावाहून आलेल्या माझ्या आईनं काढल्या. मी स्पर्धेच्या दिवशी थेट दौंड गाठलं.

बायकांची तुकडी नऊला उभी राहायची होती, ती अकराला उभी राहिली. साठ छर्रे, दहा-दहाच्या सहा फेऱ्या. पहिल्या दोन फेऱ्या नव्वदच्या वर गेल्या. तिसऱ्या फेरीत सात पडला. ती सहसा सात मारत नाही. मग मी पाहिलं, तिनं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि उजवा हात मांडीशी सोडून मूठ मिटायला-उघडायला लागली. आधी अंगठा मुडपायचा, मग वरच्या बोटापासून एकेक बोट खाली दाबत न्यायचं. दोन छर्रे मारायची आणि पुन्हा तेच.

"घाबरल्या वाटतं ताई," सर माझ्या कानाशी म्हणाले.

त्या हॉलमध्ये माझ्याशिवाय ते कुणाला कळणं शक्य नव्हतं. ती हवेत धार काढत होती. हात फुगवायला बघत होती.

पाचशे सत्तावीस झाले. तीन गुणांनी गेलं. खोटं कशाला बोलू, आकडा ऐकल्यावर मला आधी बरं वाटलं. पार छातीतनं बरं वाटलं.

स्टँडसमोर चहाला थांबलो. चार वर्षांनी मी चहा मागवला. ती म्हणाली, "हातच बिघडला माझा. परवा यवतला रातच्याला पिस्तूल धरून बघितलं तर मूठ हातात खेळायला लागली. म्हणलं, असं कसं? मूठ तर ह्यांनी केलेली, ती चुकायची न्हाई. मग ध्यानात आलं, घरी धार काढल्यावर नीट बसती. म्हणून आज पाचला उठून मावशीच्या चारी म्हशी मीच पिळल्या. मावशी म्हणती, पोरी, तू पाव्हणी हायेस का गडी? नऊला उभं केलं असतं ना, तर जमलं असतं बघा. अकरा वाजवले मेल्यांनी, हात उतरला."

चार म्हशी. माझं माप खरं ठरावं म्हणून ही बाई पाहुणी म्हणून गेलेल्या घरात पहाटे चार म्हशींखाली बसली होती.

तिनं ग्लास तोंडाला लावला आणि तिथंच थांबली. "का वो, माप घेतलं त्या दिशी मी गोठ्यातनंच आले होते न्हवं?"

"व्हय."

"आन् गरम जॉबचं माप घ्यायचं न्हाई, हे तुम्हीच सांगता की."

"व्हय."

"इसरला होता?"

विसरलो म्हणालो असतो तर तिनं मानलं असतं. तिला तेच ऐकायचं होतं, तोंडावर दिसत होतं.

"न्हाई," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं चहा संपवला, ग्लास खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं. गाडीवर बसताना पिस्तुलाची पेटी तिनं आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली.

दुसऱ्या दिवशी पाचला माझ्या उशाशी बादली आपटली. "आठ दिवस मी गोठ्यात पाय ठिवणार न्हाई," ती म्हणाली. "हात पुरा गार होऊ द्या, मग माप घ्या. तवर धारा तुमच्याकडं."

आठव्या दिवशी मी माप घेतलं. तिचा गार हात माझ्या हातात धरून, तीनदा ठसा काढून, तीनदा मोडून. ही मूठ मी जीव ओतून केली आहे. ती तिला सकाळी बसते, दुपारी बसते, कधीही बसते. पुढच्या वर्षी ती राज्याला जाणार, सर म्हणतात, आणि मलाही तसंच दिसतं. मी अजून जळतो. पूर्वीइतकाच जळतो, फक्त आता तिच्या मुठीला हात लावत नाही.

गोठ्यात मात्र तिनं परत पाय ठेवला नाही. सहा महिने झाले. दोन्ही म्हशी आता माझ्याच हाताला पान्हा सोडतात. माझी बोटं जाड झाली आहेत आणि रविवारी रेंजवर पोचतो तेव्हा फुगलेली असतात. तीन महिने खपून कोरलेल्या माझ्या शिसवी मुठीत ती मावत नाहीत. शेवटचं बोट बाहेर लोंबतं. नवी मूठ करायला हवी, पण त्यासाठी माझा हात गार व्हायला हवा, म्हणजे दोन दिवस धारा तिला काढाव्या लागतील. ते तिला विचारायची मला अजून हिंमत झालेली नाही.