अवसेच्या दिवशी ठोकलेली पॅलेटं

मला लाकडातलं काही कळत नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण वाळूजच्या त्या कारखान्यात हे माझं वाक्य कुणी कधी पुरतं ऐकूनच घेतलं नाही. मी लासूर स्टेशनच्या पलीकडच्या गावचा, वडिलांची शेती. तेवढ्यावरून नव्या साहेबांनी ठरवून टाकलं की याला लाकूड कळणारच. साहेब पुण्याचे. त्यांच्या समजुतीनं गावाकडचा माणूस लाकूड, माती, बैल आणि पाऊसपाणी पोटातूनच शिकून येतो. मला धड बैलसुद्धा हाकता येत नव्हता. मी स्टोअरमध्ये बसून गिअरच्या चाकांची चलनं लिहायचो.

कँटीनच्या मागं मोडक्या पॅलेटांचा डोंगर झाला होता. पॅलेट म्हणजे ठोकळ्यांवर फळ्या ठोकून केलेली लाकडी बैठक. तिच्यावर मालाच्या पेट्या रचायच्या, खालच्या फटीत फोर्कलिफ्टचे दोन दात घालायचे आणि सगळं एका दमात उचलायचं. आमचे फोर्कलिफ्टवाले ते दात फटीत घालण्यापेक्षा फळीत घालण्यात जास्त पटाईत होते. फळी मोडली की पॅलेट मागं फेकायचं आणि नवं मागवायचं, अशी रीत. फेकलेल्यावर उंदीर नांदायचे, कँटीनचा आचारी त्यातलं ओढून चुलीत घालायचा, आणि याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

साहेबांचं म्हणणं होतं. आल्यानंतर आठव्या दिवशी त्यांनी मला त्या डोंगरासमोर उभं केलं आणि म्हणाले, "आजपासून नवीन पॅलेट बंद. हीच दुरुस्त करायची. तीन महिने तुम्ही बघा. एकही गाडी पॅलेटवाचून अडली नाही, तर तुमच्या पर्मनंटच्या कागदावर मी सही करतो."

पर्मनंट. हा शब्द त्या काळी आमच्याकडं कसा ऐकला जायचा ते आता सांगून पटणार नाही. मी तीन वर्षं टेंपररी होतो. सिल्लोडच्या एका कापूस व्यापाऱ्याची मुलगी मी पाहून आलो होतो, तिनंही मला पाहिलं होतं, आणि दोघांनाही बरं वाटलं होतं. पण तिचे वडील गोड हसून म्हणाले होते, "कागद दाखवा, तारीख काढतो." वर्ष झालं होतं त्या हसण्याला. आई दर आठवड्याला निरोप पाठवायची, कागदाचं काय झालं. जणू मी तो उशीखाली घेऊन झोपलो होतो.

तर आता त्या कागदाच्या आणि माझ्या मध्ये हा लाकडाचा ढीग आला. शहरातले दोन मिस्त्री येऊन बघून गेले. एक म्हणाला, यापेक्षा नवीन करून देतो. दुसरा नुसते हात जोडून गेला. वडिलांना कळलं तेव्हा ते म्हणाले, "आपला आप्पा रिकामाच हाय की."

आप्पा म्हणजे आमच्या गावचे सुतार. आमच्या घरची वखर, पाभर, तिफण, गाडीची चाकं, सगळं त्यांच्या हातचं. त्याबद्दल सुगीत खळ्यावरून धान्य जायचं. मग ट्रॅक्टर आले, लोखंडी अवजारं आली, आणि आप्पा दारातल्या लिंबाखाली बसून राहिले. मी त्यांना बोलावलं, आणि वाळूजजवळच्या रांजणगावातल्या माझ्या एका खोलीत त्यांना ठेवूनही घेतलं. तिथून माझ्या डोक्याच्या तापाला सुरुवात झाली.

पहिल्या दिवशी त्यांनी एक मोडकं पॅलेट उभं केलं, चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि मला विचारलं, "हे कुणाचं?"

"कुणाचं म्हणजे? कंपनीचं."

"तसं नाय दादा. वापरतो कोण? हात जड हाय का हलका?"

गावात त्यांची रीतच तशी होती. वखर दुरुस्तीला आली की शेत कुणाचं, जमीन काळी का मुरमाड, गडी दाबून चालतो का सैल, हे विचारल्याशिवाय ते तासायचा वाकस उचलायचे नाहीत. मी सांगितलं की आप्पा, पॅलेटाला मालक नसतो, इथलं पॅलेट आज या गाडीवर तर उद्या त्या गाडीवर. त्यांनी मान हलवली आणि दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिन्ही फोर्कलिफ्टवाल्यांना गाठून चौकशी करून आले. तिघांतला एक दात तिरपा घालतो, असा त्यांनी निवाडा दिला. तो ड्रायव्हर दोन दिवस माझ्याशी बोलत नव्हता.

दिवसाला पाच पॅलेटं व्हायची. मला वीस हवी होती. जुन्या फळ्यांतला प्रत्येक खिळा ते अंबुराच्या पकडीत धरून असा काढायचे, की लाकडाला दुखू नये. मग दगडावर ठेवून तो सरळ करायचे. मी नवीन खिळ्यांचा पुडा आणून दिला, तर तो नीट बांधून कोनाड्यात ठेवला. "असू दे, अडीअडचणीला." फळीला तडा दिसला की पटकन दुसरी मारून मोकळं व्हावं ना? नाही. ते फळीवर बोट फिरवून लाकडाची शीर, म्हणजे आतली रेघ, बघायचे, खिळा जरा तिरपा धरायचे, शेजारचा उलट्या बाजूला तिरपा. एका शिरेत दोन खिळे कधी नाहीत. मी घड्याळ बघायचो आणि ते शीर बघायचे. संध्याकाळी खोलीवर गेलं की माझ्या शर्टाच्या खुंटीवर त्यांची करवत. रात्री घोरणं असं, की शेजारच्या खोलीतला बिहारी मुलगा सकाळी विचारायचा, "चाचा की तबीयत ठीक है?"

पण एक कबूल करायला हवं. आप्पांच्या हातचं पॅलेट परत मोडून आलं नाही. एकही नाही. फोर्कलिफ्टवाले मालाची जड पेटी आली की मुद्दाम त्यांनी केलेलं ओढून घ्यायचे. रडतखडत अडीच महिने गेले आणि एकही गाडी अडली नाही. आईला मी निरोप धाडला की महिनाभरात कागद येतोय. निरोप सिल्लोडला पोचायला अर्धा दिवससुद्धा लागला नसेल.

आणि मग शेवटच्या आठवड्यात, सकाळी सकाळी, साहेबांनी मला बोलावलं. दुसऱ्या दिवशी मोठी गाडी लागणार होती, ज्यांना माल जायचा होता त्यांचा माणूसही तपासायला येणार होता, चाळीस पॅलेटं हवी होती. तयार होती बावीस. मी धावत कँटीनच्या मागं गेलो. आप्पा भिंतीला टेकून बसले होते. हत्यारं फडक्यात बांधलेली.

"आप्पा, उठा. अठरा पाहिजेत, संध्याकाळपर्यंत."

"आज अवस हाय, दादा."

अवसेला, म्हणजे अमावास्येला, आमच्याकडं बैल जुंपत नाहीत आणि सुतार हत्याराला हात लावत नाही. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मलाही माहीत होतं. पहिल्या अवसेला कारखान्याला सुट्टी होती, दुसरीला आप्पा गावी गेलेले, त्यामुळं ही गोष्ट डोक्यातून साफ गेली होती. मी तिथी बघायची सोडून शिफ्ट बघायला लागलो होतो.

मी हाता-पाया पडलो. ही शेती नव्हे, कारखाना आहे म्हणालो. मशिनं चालू आहेत, त्यांना काही होतंय का, म्हणून विचारलं. आप्पा म्हणाले, "मशिनीचं मशिनीपाशी. उद्या पहाटं उठून करतो, लागंल तितकी." पहाटे उठून अठरा? दिवसाला पाच करणारा माणूस? माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या कोनाड्यातला नवीन खिळ्यांचा पुडा फोडला, स्टोअरमधला हातोडा आणला आणि स्वतः ठोकायला बसलो.

त्या दिवशी मी जे केलं त्याला दुरुस्ती म्हणणं म्हणजे दुरुस्तीचा अपमान आहे. फळी ठेवायची, खिळा धरायचा, हाणायचा. अंगठा दोनदा चेचला. आप्पा समोर बसून बघत होते आणि त्यांच्या बघण्यानंच मला जास्त चीड येत होती. मध्येच ते म्हणाले, "दादा, एका शिरंत दोन खिळं नको—"

"तुम्ही गप बसा!" मी ओरडलो. "हात लावायचा नाही तर तोंडही लावू नका."

दिवस मावळायच्या आत अठरा झाली. रांगेत उभी केली, लांबून अगदी आप्पांच्या पॅलेटांसारखीच दिसत होती.

सकाळी गाडी लागली. साहेब, तपासायला आलेला माणूस, मी, आणि बाजूला आप्पा. पहिली काही पॅलेटं छान चढली. मग फोर्कलिफ्टनं माझ्या हातचं एक उचललं, ते माणसाच्या डोक्याइतकं वर गेलं आणि मधली फळी शिरेतून उभी चिरली. पेटी खाली आली, फुटली, आणि गिअरची चाकं अंगणभर पळत सुटली. दोन तर गेटपर्यंत गेली, वॉचमननं पायानं अडवली. नशिबानं खाली कुणी नव्हतं. तपासायला आलेला माणूस डायरीत काहीतरी लिहायला लागला.

साहेबांनी फुटकी फळी उचलली. "हे कुणी ठोकलंय?"

मी म्हणालो, "मिस्त्रींनी."

विचार करून नाही म्हणालो. तोंडातून आलंच ते, शिंक यावी तसं. पण शिंकेनंतर माणूस निदान नाक तरी पुसतो. मी तसाच उभा राहिलो. साहेबांनी आप्पांकडं बघितलं. आप्पांनी माझ्याकडं बघितलं, फार वेळ नाही, आणि म्हणाले, "व्हय सायेब. माझ्याच हातचं हाय."

त्यांना दोन शब्द पुरले असते. काल अवस होती, मी हत्यार धरलंच नाही. कँटीनच्या आचाऱ्यानं सगळं पाहिलं होतं, त्यानं साक्षसुद्धा दिली असती.

साहेबांनी सगळी पॅलेटं तपासायला लावली. बावीस ठणठणीत निघाली, अठरा बाजूला काढली. दुसऱ्या कारखान्याकडून उसनी आणून गाडी दुपारी सुटली. साहेब मला म्हणाले, "तुमची पद्धत बरोबर आहे. माणूस बदला." आप्पांना त्याच दिवशी काढलं. शहरातला एक मिस्त्री आला, दिवसाला पंधरा करायचा, त्यातली चार परत यायची, आणि कुणाची काही तक्रार नव्हती. पुढच्या महिन्यात माझ्या कागदावर सही झाली.

काढलं त्या संध्याकाळी आप्पा खोलीवर हत्यारं बांधत होते. मी त्यांच्यावरच चिडलो. खरंच चिडलो, आवाज चढवून. "तुम्ही बोलला का नाही? तुम्हाला बोलायला काय झालं होतं?"

त्यांनी गाठ मारली, दातानं ओढून घट्ट केली. "तू बोललास की. मंग दोघांनी कशापायी बोलायचं?"

एवढं बोलून ते एसटीनं गावी गेले. घरी मी सांगितलं की आप्पांकडून चूक झाली, कारखान्यात असं चालत नाही. आईनं पेढे वाटले. पेढ्यांबरोबर ही बातमीही गावभर वाटली गेली असणार, हे माझ्या लक्षात आलं नाही, किंवा आलं तरी मी ते येऊ दिलं नाही.

लग्न गावातच झालं. आमच्याकडं नवरा-नवरीचे पाट सुतारानं करून आणायचे असतात. तो त्याचा मान. नारळ, टोपी-उपरणं देऊन पाट घ्यायचे असतात. माझ्या वडिलांचे पाट आप्पांच्या वडिलांनी केले होते, थोरल्या भावाचे आप्पांनी. अंतरपाट धरायच्या आधी मी खाली बघितलं. पाट चकचकीत, शहरातल्या दुकानातले, सनमायका लावलेले.

मी वडिलांना हळूच विचारलं, "आप्पांनी नाही केले?"

वडील हळू बोलणारे नव्हेत. "त्याचा हात गेला आता," ते म्हणाले. "तुझ्या कंपनीतच कळलं की. गावातबी कोणी काय काम देत नाय त्याला. म्हणलं, लग्नात पाट मोडला तर कोणी सांगितलंय?"

आप्पा चार हातांवर उभे होते, मुठीत अक्षता धरून, धुतलेला सदरा घालून. त्यांनी ऐकलं. मी त्यांच्याकडं बघितलं आणि मला वाटलं, आता तरी बोला. आता तरी या माणसांपुढं सांगा की ती अठरा कुणी ठोकली होती. मी नाही म्हणणार नाही, देवाशपथ नाही म्हणणार. तेवढ्यात त्यांनी वडिलांना हसून मान डोलावली. "व्हय व्हय, वय झालं."

भटजी मला म्हणाले, पाटावर उभे राहा. मी उभा राहिलो.