तू वाक तेवढी

"सर, हिच्यासमोर वाकायचं न्हाई, घरनं सांगितलंय."

मालकांची पोरगी माझ्याफुडं उभी ऱ्हाऊन बोलली. माझ्याकडं न्हाई, सरांकडं बघून. कमरंचा पट्टा आवळत आवळत, पाणी पिऊन येते म्हणावं तसं.

सर म्हणाले, "चालतंय." मग माझ्याकडं वळले. "तू वाक तेवढी."

आनि मी वाकले.

पलूसला ज्युडोचा क्लास हुता. कुस्तीगत धरायचं, पाडायचं. पर त्येच्या आदी समोरासमोर उभं ऱ्हायाचं, सर "रेई" म्हणणार, आनि दोघींनी एकमेकींना वाकायचं. खेळ संपला की पुन्यांदा वाकायचं. पयल्या दिवशी मला वाटलं, सर "ए रं" करून कुणाला तरी हाक मारत्यात. म्हणून मी मागं वळून बघितलं. समदी हसली, मी बी हसले. घरी येऊन आईला सांगितलं, तिथं समदी वाकत्यात गं, कोण बी असू दे. खरं सांगू, त्येच्यासाठीच जायाची मी. पाडापाडीसाठी न्हाई.

आई त्याच मालकांच्या द्राक्षबागंत कामाला. दिवसभर मांडवाखाली मान वर करून घडातलं मणी काढती. मालक आलं की तीच मान खाली. जात कुणी काढत न्हाई आता, शिकल्यात समदी. "वस्तीवरची" म्हणत्यात. तेवढ्यात भागतंय.

तर मी वाकायची, ती ताठ. मॅट तिच्या बापानं दिलेल्या, सर काय बोलणार? मग मी तिला आपटायची. लय आपटायची. पर उपयोग काय? ती उठली की परत वाकायचं मलाच. पडल्यावर मी कवा रडले न्हाई. जिंकल्यावर रडायची, संडासात जाऊन.

मग राज्याच्या स्पर्धेसाठी सांगलीला निवड लागली. आमच्या वजनात आमी दोघीच, आनि जागा एक. ती जागा मला मिळाली असती तर पोलीस भरतीत खेळाडू म्हणून नंबर लागला असता. आई मांडवाखालनं सुटली असती. निघताना म्हणाली, "वाक बाई. वाकल्यानं काय कंबर मोडत न्हाई."

पंच भाईरचे हुते. "रेई" म्हणाले. ती ताठ उभी. त्या दिवशी मी बी ताठ.

कडंनं सर वरडले, "अगं वाक की. तू वाक तेवढी."

साऱ्या हॉलला ऐकू गेलं. माझं डोस्कं सणकलं. मी म्हणलं, "आदी ती."

पंचांनी दोघींकडं बघितलं. तिनं तोंड पंचांकडं केलं आनि झकास वाकली. पंचांना. मला न्हाई. पंचांना तेवढं पुरलं. मला परत सांगितलं, मी हालले न्हाई. मग बेशिस्त म्हणून भाईर काढलं आनि तिचा हात वर केला. माझ्या अंगाला बोट न लावता जिंकली ती.

येताना यष्टीत सर लांब जाऊन बसले. माझा क्लास सुटला. आईला बागंत बोलवायचं बंद झालं. आता लोकाच्या रानात खुरपाय जाती, माझ्याशी धड बोलत न्हाई. वस्तीतली बी म्हणत्यात, हिनंच हातानं घालवलं. खोटं न्हाई ते. गेलंच. परत काय यायचं न्हाई, आनि त्येच्या जागी दुसरं काय मिळालं बी न्हाई.

परवा बाजारात सर भेटले. म्हणाले, "घेतो परत. मालकांच्या घरी जा, पोरीसमोर माफी माग. तू वाक तेवढी, बाकी मी बघतो."

आई शेजारीच हुती, भाजीची पिशवी घेऊन. ती माझ्याकडं बघत हुती. तिला काय पायजे हुतं ते मला सरळ दिसत हुतं.

मी म्हणलं, "समोरचं माणूस वाकल्याबिगर ह्या जन्मात मी वाकत न्हाई, सर. तुमाला बी न्हाई."

आईनं मान खाली घातली. मी न्हाई घातली.