खोलीत कोण कोण आहे

पुष्पावहिनींचा फोन आला तेव्हा मी तुमसरच्या कॉलेजात ग्रंथालयाच्या पायरीवर डबा उघडून बसले होते. "अश्विनी, तुही ताई गेली व..." एवढंच त्या म्हणाल्या. मागून बायकांचं रडणं ऐकू येत होतं. कधी गेल्या, कशा गेल्या, हे मी विचारायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं ते भलतंच... "वहिनी, तिथं कोण कोण आहे?" वहिनींनाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या हुंदके देत सांगू लागल्या. शेजारच्या बायका आहेत, तुझी आई आहे, दाराशी... आणि तिथे त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "तू ये लवकर."

निर्मलाताईंचं लिखाण तुमच्यापैकी काहींनी वाचलं असेल. ज्यांना ऐकूही येत नाही आणि दिसतही नाही अशा माणसांबद्दल त्या लिहायच्या, आणि स्वतः त्यांच्यातल्याच एक होत्या. शाळेत असताना तापात त्यांचे कान गेले. पुढे डोळे हळूहळू विझत गेले, इतके हळूहळू की शेवटचं काय दिसलं ते त्यांना सांगता यायचं नाही. बोलता मात्र यायचं. पण स्वतःचा आवाज ऐकून कितीतरी वर्षं झालेली, त्यामुळे तो कधी एकदम मोठा व्हायचा, कधी ओठांतच राहायचा. त्यांना काही सांगायचं तर त्यांच्या तळहातावर बोटाने अक्षरं काढायची, एकावर एक, त्याच जागी. पुसायला काही लागायचं नाही. पुढचं अक्षर आलं की आधीचं आपोआप जायचं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती बारावीत असताना. आमच्या घरात त्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा खाणीचा माल नेणाऱ्या ट्रकवर ड्रायव्हर. चिखला गावात लिखाण उतरवून काढायला कोणाला सुवाच्य अक्षराची मुलगी हवी आहे असं आईला कळलं आणि तिने मला पाठवलं. खाण कामगारांच्या वस्तीच्या टोकाला ताईंच्या भावाचं घर होतं. तिथली मागची खोली ताईंची. उजेडाची गरज नाही आणि खिडकी उघडली की काळी धूळ येते, म्हणून खिडकी कायम बंद. बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकलं तर काहीच दिसेना. अंधारातून आवाज आला, "नवीन आहे. उजवा पाय दुखून राहिला का व तुहा?" माझ्या उजव्या टाचेत काटा मोडला होता. मी घाबरून पुन्हा दाराबाहेर आले. ताईंच्या भावजय, पुष्पावहिनी, हसायला लागल्या. "पळू नको. जमीन ऐकते ते. आमच्यात तर मांजर आली तरी तिले समजते."

खरंच जमीन ऐकायच्या त्या. खाली फरशीवर पाय पसरून, तळपाय टेकवून बसायच्या. दुपारी खाणीत स्फोट व्हायचे तेव्हा मांडणीवरची भांडी वाजण्याआधी त्या म्हणायच्या, "झाला." कित्येकदा भांडी वाजायचीच नाहीत. माझ्या तळपायांना काहीच लागायचं नाही. मी त्यांच्याकडे बघत बसायची.

कामाच्या आधी एक गोष्ट ठरलेली होती. खोलीत आल्यावर आधी स्वतःचं नाव लिहायचं, मग खोलीत कोण कोण आहे, कुठे बसलंय, काय करतंय ते. कोणी उठून गेलं तर तेही. बाकी सगळं नंतर. त्यांचं सगळं लिखाण आणि भाषणं शेवटी याच एका मागणीवर यायची. दया नको, सत्कार नको, माझ्याभोवती काय चाललंय ते मला सांगा. "लोक येतात, अर्धा घंटा माह्यासमोर बसतात आन् जातात. मले कोणी सांगतच नाही. मंग मी भिंतीसंग बोलत बसतो. काय चाललं विचारलं, तर हातावर लिहितात, काही नाही. एवढं मोठं जग आन् त्यात काही नाही?" मला म्हणायच्या, "तुह्या बोटानं एक दिवस खोटं लिहिलं, का माह्यं सारं जग खोटं होते. मंग कालचं कोणतं खरं होतं, हे मी कोणाले विचारू?"

भंडाऱ्याला एकदा त्यांचा सत्कार होता. एक पाहुणे त्यांच्या अंतर्चक्षूंवर फार वेळ बोलत होते. मी नियमाप्रमाणे सगळं लिहीत गेले, तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ झोपलेत हेही. ताई बोलायला उभ्या राहिल्या आणि आधी म्हणाल्या, "तिसऱ्या रांगेतल्या भाऊले कोणी उठवू नका जी. पंखा तेवढा त्यांच्याकडं फिरवा." सभागृह हसून हसून दमलं. ते गृहस्थ मात्र पांढरेफटक पडले होते. ते मी लिहिल्यावर ताई गाडीत बसेपर्यंत हसत होत्या.

या उन्हाळ्यात त्यांचं हृदय थकलं. अंगावर सूज आली. ब्रेलची पाटी मांडीवर घेऊन उजवीकडून डावीकडे टोचत जायच्या, पण चार ओळींत दम लागायचा. अशाच एका दुपारी हात थांबवून त्यांनी विचारलं, "दाराशी कोण बसलं आहे?"

मी पाहिलं. दाराशी कोणी नव्हतं. तसं लिहिलं, कोणी नाही.

"आहे. जमिनीवर भार आहे. केव्हाचा आहे. तू मले सांगून नाही राहिली."

मी पुन्हा लिहिलं. त्या ऐकेनात. वहिनींनी मला बाजूला घेतलं. त्या घरात कुजबुजायची गरज नव्हती, तरी त्या कुजबुजल्या, "अवं, लिहून दे ना, त्यांचे गेलेले बाबा आले म्हनून. जाणाऱ्या माणसाचं मन राखावं." वहिनींचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. त्याच ताईंचं सगळं करत होत्या. मी परत जाऊन बसले. बोट तळहातावर टेकवलं. एकच शब्द लिहायचा होता, बाबा. त्यांना शांत झोप लागली असती. पण मग उद्यापासून मी लिहीन त्यातलं खरं काय, हे त्यांना कसं कळणार होतं? मी तिसऱ्यांदा लिहिलं, कोणी नाही.

ताईंनी हात ओढून घेतला आणि पदराखाली झाकला.

हात नाही म्हणजे मी नाही. पुढे काही दिवस मी जायची, समोर बसायची, त्या हात द्यायच्या नाहीत. त्यांच्या दृष्टीने मीही आता नाव न सांगता बसलेलं कोणीतरी होते. एकदा त्या समोर तोंड करून म्हणाल्या, "इथं कोणी आहे." मग दाराकडे तोंड केलं, "आन् तिथं कोणी आहे." त्या खोलीतली न सांगितलेली माणसं आता दोन झाली होती. मी दाराकडे पाठ करून बसले होते. मागे वळून पाहायचा मला धीर झाला नाही...

मग एक दिवस त्यांनी आपणहून हात पुढे केला. "तू डोळ्यानं पाहून नाही म्हनलं?"

हो, मी लिहिलं.

"मंग तेवढंच लिही ना बाई. तुले दिसत नाही, असं लिही. कोणी नाही, हे तू कशी म्हणते? तेच तर सारे लोक करतात माह्यासंग."

मी लिहिलं, दाराशी मला कोणी दिसत नाही.

त्या हसल्या. "आता बरोबर. मले लागते, तुले दिसत नाही. दोघी खऱ्या."

त्यानंतर प्रत्येक वेळी मी तसंच लिहायची. मी अश्विनी, वहिनी चुलीपाशी, दाराशी मला कोणी दिसत नाही. त्या मान हलवायच्या आणि कामाला लागायच्या. शेवटच्या भेटीतही लिहिलं, पण मान हलली नाही. "दाराशी पाहू नको आज," त्या म्हणाल्या. "आज उठून इथं आला. माह्याजवळ." आवाज ओठांतच होता. मी त्यांच्या शेजारच्या मोकळ्या फरशीकडे पाहिलं, आणि माझ्या नकळत थोडी मागे सरकले. मला दिसत नाही, मी लिहिलं. त्यांनी माझं बोट मुठीत धरलं. "भेव नको. मले समजलं ते तुले सांगतलं. तूही तर सांगतेच."

तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि वहिनींनी खोली आवरायला मला बोलावलं. टोचलेले कागद मी उतरवून काढणार आहे, ते गठ्ठ्याने बांधले. शेवटच्या काही पानांवर ठिपके इतके पुसट आहेत की बोटालाही नीट लागत नाहीत. सगळं झाल्यावर वहिनी कुलूप घेऊन दाराशी उभ्या राहिल्या. दार ओढता ओढता सवयीने म्हणाल्या, "अंदर कोणी नाही ना व?"

मी आत पाहिलं. बंद खिडकी, रिकामी फरशी. तळपायाला काहीतरी लागलं, किंवा लागल्यासारखं वाटलं...

"मले दिसून नाही राहिलं," मी म्हणाले.

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. कुलूप पदरात गुंडाळलं, दार उघडंच ठेवलं, आणि त्या अंधाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाल्या, "ताई, आम्ही जाऊन राहिलो. मी आन् अश्विनी."