कोरडा पुठ्ठा

केडगावचा आमचा मेकॅनिक गळती शोधताना इंजिनाखाली पुठ्ठा सरकवतो आणि थेंब पडेपर्यंत उकिडवा बसून राहतो. माझ्या जुन्या गाडीखालचा पुठ्ठा कोरडाच राहिला. मग त्यानं ऑइलचं झाकण उघडलं. आत दुधाच्या चहासारखा फेस.

"पानी आत जातंय, सर. गरमीचा काटा लालवर असताना कुनी चालवली?"

"मेहुण्यानं." घरीही मी हेच सांगितलं होतं. तेव्हापासून मेहुणा आमच्याकडं फिरकला नव्हता.

"मग त्यांनाच इचारा, किती लांब चालवली. त्याबिगर इंजिनाचं हेड खोलत न्हाई."

पाना खाली ठेवून तो पुन्हा उकिडवा बसला.

"मीच चालवली," शेवटी म्हणालो. "मिरजगावपासून."

"व्हय," म्हणत त्यानं पाना उचलला. मी मेहुण्याला फोन लावला.