म्हात्रे काकांच्या शेड्स

आधीच सांगते, या ग्रुपवरचे अनुभव मी भाजी निवडताना वाचते आणि मनातल्या मनात त्यांना फाटे फोडत बसते. कोणाच्या घरात रिकाम्या खोलीत आवाज आला की मला पाइपमधली हवा आठवते. माझं कामच तसं आहे. मशीनने काही केलं तर ते कोणीतरी सांगितलं म्हणूनच केलेलं असतं, आणि कोणी, कधी सांगितलं ते लॉगमध्ये, म्हणजे मशीनच्या नोंदवहीत, लिहिलेलं असतं. त्यामुळे हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय... पण लिहिते.

मी बदलापूर पूर्वेला राहते. सॉफ्टवेअरचं काम घरून करते आणि आठवड्यातले दोन दिवस अंबरनाथला, मोरिवलीच्या बाजूला असलेल्या एका छोट्या पेंट कारखान्याचे कॉम्प्युटर सांभाळते. शेठ उल्हासनगरचे सिंधी, माणूस घाईचा पण मनाने चांगला. आणि तिथल्या लॅबमध्ये म्हात्रे काका. मोरिवली गावातलेच, घर कारखान्याच्या भिंतीला लागून. गिऱ्हाईक रंगवलेला पत्र्याचा तुकडा आणून द्यायचं आणि काका नुसतं बघून त्यात कोणता रंग किती हे सांगायचे. प्रत्येक शेडचं माप वहीत. पुढे वह्यांवर थिनर सांडायला लागलं, तेव्हा त्यांनी दोन बोटांनी टाइप करत सगळं लॅबच्या पीसीत घातलं. दोन वर्षं लागली. वह्या रद्दीत गेल्या.

नंतर शुगरने काकांच्या डोळ्यांचा पडदा खराब झाला. माणूस ओळखतात, वाट चुकत नाहीत, पण निळा आणि हिरवा आता त्यांना सारखाच. म्हणजे त्या फाइल गेल्या असत्या तर त्या शेड्स पुन्हा कोणी बनवू शकलं नसतं. खुद्द काकाही नाही. आणि बॅकअप नव्हता. असा कारखाना बघून माझं डोकंच फिरलं होतं, म्हणून मी शेठच्या मागे लागून नवा सर्व्हर आणायला लावला. लॅबच्या पीसीतलं सगळं त्यावर आणायचं, एवढंच काम उरलं होतं.

गेल्या वर्षीची खंडेनवमी. सकाळी दहाला मी कारखान्यात बसून एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे मशीनने पाळायच्या सूचना, लिहिली आणि दुपारी एकला नव्या सर्व्हरवर आपोआप चालेल अशी लावून ठेवली. फाइल कॉपी करायच्या कमांडमध्ये आधी ‘कुठून’ लिहायचं, मग ‘कुठे’. शिवाय मी एक जास्तीची सूचना घातली होती, की मूळ ठिकाणी जे नाही ते दुसऱ्या ठिकाणाहूनही पुसून टाक. दोन्हीकडे तंतोतंत सारखं राहावं म्हणून. अशी स्क्रिप्ट खरी चालवण्याआधी एक लुटुपुटीची फेरी घेतात, त्यात काय होणार ते नुसतं दिसतं. ती चुकवली की मी ज्युनियर मुलांना बोल लावते. पण त्या दिवशी सासूबाईंचा फोन आला, “नवमीचा नैवेद्य आहे, लवकर ये, पुरण कोण वाटणार?” ती फेरी न घेताच मी लॅपटॉप मिटला आणि रिक्षा पकडली. कारखान्यात बाराला पूजा होणार होती, तिला मी नव्हतेच.

जेवणं झाली. साडेतीनच्या सुमारास उरलेलं पुरण मोठ्या डब्यातून लहान डब्यात काढत होते. ‘यातून... त्यात’ असं मनात आलं आणि हात थांबला. मला ती ओळ डोळ्यांसमोर दिसली. मी उलटं लिहिलं होतं. नव्या रिकाम्या सर्व्हरवरून लॅबच्या पीसीवर. म्हणजे लॅबच्या पीसीतलं सगळं पुसून, रिकाम्याशी तंतोतंत सारखं.

लॅपटॉप उघडून बघितलं, तर ओळ उलटीच. शेठना फोन लावला.

“लॅब का पीसी?” शेठ म्हणाले. “वो तो बंद है मॅडम. काका ने पूजा में ही वायर निकाल दी. ग्रुप पे फोटो डाला है, आपने देखा नहीं?”

कारखान्याच्या ग्रुपवर फोटो होता, बारा पस्तीसचा. पीसीवर हळदकुंकू, झेंडूची माळ, आणि दोन्ही वायरी, पॉवरची आणि नेटवर्कची, गुंडाळी करून वर ठेवलेल्या. काका म्हणे सगळ्यांना बजावत होते, “आज याला हात नाय लावाचा कुनी. हत्यार हाय माझा.” मग लॅबला कुलूप, आणि किल्ली शेठच्या खिशात.

मी देव्हाऱ्यासमोर जाऊन मनापासून हात जोडले. त्यात काही गूढ नव्हतं, पीसी बंद म्हणजे स्क्रिप्ट फसली असणार, बस. फक्त खात्री करावी म्हणून लॉग उघडला.

एक वाजता सुरू. एक सव्वीसला पूर्ण. लॅबच्या पीसीवरून नव्या सर्व्हरवर तीन हजार आठशे बारा फाइल आल्या. पुसलेल्या, शून्य.

घरूनच सर्व्हर उघडून फाइल बघितल्या. होत्या. सगळ्या. उघडत होत्या, आत मापं होती, काकांच्या टायपिंगच्या चुकांसकट.

यानंतर मी जे जे करता येतं ते केलं. स्क्रिप्ट सकाळी दहा वीसनंतर कोणी बदलली नव्हती. घरी दोन खोटे फोल्डर करून तीच स्क्रिप्ट पुन्हा पुन्हा चालवली, प्रत्येक वेळी तिने भरलेला फोल्डर रिकामा केला. एका जुन्या सहकाऱ्याला काही न सांगता स्क्रिप्ट आणि लॉग दोन्ही पाठवले. त्याचं उत्तर आलं, “हा लॉग या स्क्रिप्टचा नाहीये. चुकीची फाइल पाठवलीस.”

दसऱ्यानंतर लॅब उघडली तेव्हा मी मुद्दाम पुढे होते. वायरी तशाच गुंडाळलेल्या, माळ सुकलेली. वायर लावून पीसी चालू केला, तर नुसतं टिक टिक. उल्हासनगरला रिपेअरिंगवाल्याकडे नेला. त्याने डिस्क कानाला लावली आणि मान हलवली. “मॅडम, इसमें से अब कुछ नहीं निकलेगा.”

काकांना मी सगळं सांगितलं. माझी चूकही. लपवता आली असती, पण त्यांच्यासमोर ते जमेना. मला वाटलं देवाचं काहीतरी बोलतील.

“शेडी हायत ना?”

“आहेत काका. सगळ्या.”

“मग एक वाच गो.”

मी हाताला आली ती फाइल उघडली. नाव नव्हतं, नुसता नंबर. पांढरा बेस इतका, निळा इतका, पिवळा थोडा, काळा अगदी नखभर... काकांनी डोळे मिटले.

“बारवीचा पानी,” ते म्हणाले. “दुपारचा. धरन भरल्यावरचा.”

मी दुसरी वाचली. भाताची लोंबी, कापायच्या आधीची. तिसरी, शिवमंदिराचा दगड, पण ओला. एकदाही अडले नाहीत. समोरचा निळा डबा ज्यांना ओळखता येत नव्हता, ते माझ्या तोंडून आकडे ऐकून रंग बघत होते, आणि चेहऱ्यावर असं समाधान की मी पुढची फाइल उघडत राहिले.

काय झालं, कसं झालं, कोणाला सुचलं तर जरूर सांगा, पण खरं सांगायचं तर आता मला त्याची घाई नाही. त्या दिवशी काकांनी बावीस शेड्स ऐकल्या. जेवणाची घंटा झाली, बाकीची माणसं जेवणाचे डबे घेऊन बाहेर गेली, तरी काका उठले नाहीत. म्हणाले, “अजून एक.”