खळबाईंचं कोर्ट

सोमवारी शाळेच्या प्रार्थनेला आमच्या पी.टी.च्या बाई हात जोडून उभ्या राहिल्या, की त्यांच्या बोटांवरून वाळलेल्या खळीचे पापुद्रे गळत. शेजारच्या हेडबाई पदर सावरून जरा बाजूला सरकत. एकदा स्टाफरूममध्ये सर्वांदेखत बाईंनी सांगून टाकलं, "खळ हाय ही, खरूज न्हाय. भिऊ नका." तेव्हापासून आम्ही मुली त्यांना खळबाई म्हणू लागलो. त्यांना हे ठाऊक होतं, आणि मला वाटतं, आवडतही होतं.

बाई विणकरांच्या घरातल्या. घरात तेलुगू, शाळेत पुस्तकी मराठी आणि खेळताना अस्सल सोलापुरी, अशा तीन भाषा त्या तीन साड्यांसारख्या बदलत. भावाच्या घरी माग होते. सूत ताठ राहावं म्हणून मागावर चढवण्याआधी त्याला चिंचोक्याची चिकट खळ लावतात, ती घरात नेहमी शिजलेली असे. लग्न त्यांनी केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणत, "एवढ्या पोरी हायेत की माझ्या. अजून किती पायजेत?"

या पोरींसाठी त्यांना एकच गोष्ट हवी होती, ती म्हणजे छप्पर. शाळेच्या मैदानावर आम्ही बॅडमिंटन खेळायला उतरलो की कुंपणाच्या भिंतीवर रिकामटेकड्यांची रांग लागे. शिट्ट्या सुरू झाल्या की दुसऱ्या दिवशी दोन-चार मुलींच्या घरून 'खेळ बंद' असा निरोप येई. बाई चिडत. "आभाळाखाली खेळायला पोरांना सगळं गाव हाय. पोरींना छप्पर लागतं," म्हणत त्या पेठेतल्या ट्रस्टच्या हॉलवर गेल्या. तिथे लग्नं लागत, भजनं होत, संध्याकाळी तरुण मंडळाचे कॅरम चालत. हॉलचा कारभार आप्पांकडे होता. धोतर, काळी टोपी, कपाळावर विभूती आणि बोलणं मोजकं. त्यांनी रविवारची सकाळ दिली आणि अट घातली, "फरशीला खिळा न्हाय, रंग न्हाय. तुमी गेल्यावर हितं खेळ झाला हे कळायला नको."

मग बाईंनी डोकं चालवलं. चादरीच्या कडेच्या पांढऱ्या पट्ट्या कापून आणल्या. गाठी मारलेला सुताचा दोरा फरशीवर ताणायचा, गाठ येईल तिथे खडूची खूण करायची, आणि खुणेवरून खळीने पट्टी चिकटवायची. डालड्याच्या डब्यांत सिमेंट ओतून त्यात लोखंडी पाइप उभे केले होते, त्यांना नेट बांधायचं. आम्ही चवड्यांवर बसून पट्ट्या दाबत मागे मागे सरकायचो आणि बाई ओरडायच्या, "वाकडी जातीय गं अम्मा, सापावानी!" खेळ झाला की उलटं काम. पट्ट्या सोडवायच्या, धुऊन गुंडाळायच्या, फरशी ओल्या फडक्याने पुसायची. खेळण्यापेक्षा मांडण्या-काढण्यातच जास्त घाम निघायचा. तरी त्या छपराखाली आम्ही पहिल्यांदा पदर-ओढणीकडे लक्ष न देता उड्या मारल्या, हे मला आजही स्पष्ट आठवतं.

एकदा मात्र बाईंचंच चुकलं. पट्ट्यांचे कोपरे सुटतात म्हणून त्यांनी खळीत गूळ घातला. पट्ट्या अशा बसल्या की काढताना आमची नखं गेली. फरशीही नेहमीसारखी पुसली. दुसऱ्या दिवशी त्याच हॉलमध्ये आप्पांच्या नातीचा साखरपुडा होता. पाहुणे येऊन बसतात तोवर मुंग्यांनी सगळं कोर्ट जसंच्या तसं आखलं होतं, मधल्या रेघेसकट. वराकडच्या बायका लुगडी झटकत उठल्या. आप्पांचा निरोप त्याच संध्याकाळी आला. कोर्ट बंद.

आम्ही रडलो. बाई आप्पांकडे विनवण्या करायला गेल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्या नेट न घेता, बादली आणि खराटा घेऊन हॉलवर आल्या आणि सगळा हॉल धुऊन काढला. त्याच्या पुढच्या रविवारीही धुतला. आम्ही अर्थातच हात लावायला गेलो. आप्पा दारात उभे राहून म्हणाले, "हे कशाला आता?" बाई कंबर सरळ करत म्हणाल्या, "मुंग्यांना मी बोलावलं, मीच घालवणार की. त्यात तुमचं काय?" असे बरेच रविवार गेले. शेवटी आप्पाच वैतागले. "अव्वा, धुवून धुवून फरशी झिजवाल. नेट कधी आणताय?" बाईंनी मान वळवून आमच्याकडे पाहिलं आणि डोळे मिचकावले.

हॉल सगळ्यांचा, हे बाई कधी विसरल्या नाहीत. एका रविवारी मॅच ऐन रंगात आली होती. आमच्यातली सुमन जिंकायला आली होती, आणि घरच्यांनी खेळ बंद करू नये म्हणून तिला घरी सांगायला काहीतरी हवंच होतं. इतक्यात बाहेर बैलगाड्या थांबल्या. पेठेतला एक गिरणी कामगार गेला होता, त्याचे होटगीकडचे नातलग येऊन उन्हात उभे होते, आणि त्याच्या खोलीत चार माणसं बसायलाही जागा नव्हती. आप्पा दारात आले, पण बोलायला संकोचले. बाईंनीच शिट्टी वाजवली. "गुंडाळा." सुमन पाय आपटत म्हणाली, "बाई, एकच पॉइंट राहिलाय!" बाई नेटची गाठ सोडत म्हणाल्या, "शटल पुढच्या रविवारी बी उडंल. त्यांचं माणूस येणार हाय का परत?" तेव्हापासून तो आमचा नेमच झाला. कुणाच्या दारात मरण आलं, की खेळ आपणहून गुंडाळायचा. कुणी सांगायची वाट पाहायची नाही.

मी कॉलेजात गेले तेव्हा बाईंचा दमा बळावला होता. सुताचे बारीक तंतू छातीत बसलेत, असं त्यांचे भाऊ म्हणायचे. त्यांना वाकता येईना, म्हणून खुर्चीवर बसून त्या काठीने पट्ट्यांची दिशा दाखवत. खळ मात्र स्वतःच कालवत. उन्हाळ्याच्या तोंडावर त्या गेल्या. दहनाला मुलींना कुणी नेलं नाही. मला त्याचा राग आला होता आणि अजून आहे.

शोकसभा आप्पांनी हॉलवर ठेवली, रविवारी सकाळी. निरोप खेळणाऱ्या मुलींपर्यंत पोचलाच नाही. मी पोचले तेव्हा त्यांनी कोर्ट मांडून खेळ सुरू केला होता. जिल्ह्याच्या स्पर्धा तोंडावर आल्या होत्या. पांढऱ्या साड्या, टोप्या, बाईंचा भाऊ, हेडबाई अशी माणसं पायऱ्या चढताना दिसली आणि सभा इथेच आहे हे मुलींच्या लक्षात आलं. एकीने शटल उचललं, दोघी खाली बसून पट्ट्यांचे कोपरे सोडवू लागल्या.

"काढू नका," आप्पा म्हणाले.

"बाईंचा नेम हाय, आप्पा," कोपरा धरून बसलेली मुलगी म्हणाली.

"ठावं हाय मला." आप्पांनी टोपी काढून हातात घेतली. "दुसऱ्याच्या मरणाला तिनं दर खेपेला जागा करून दिली. आता तिच्या मरणासाठी पोरींची जागा घेऊ व्हय मी? खेळा. आमी बसतो भाईर."

आणि ते खरोखरच बाहेर पायरीवर जाऊन बसले. त्यांच्या मागोमाग सगळेच बसले. मुलींनी माझ्या हातात रॅकेट दिली. आम्ही खेळलो. डोळ्यांत पाणी असल्याने शटल दिसत नव्हतं, सारखं नेटमध्ये जात होतं, पण वेळ संपेपर्यंत कुणी थांबलं नाही.

मग आम्ही पट्ट्या सोडवायला बसलो. हेडबाई आत आल्या, पदर खोचला आणि माझ्या शेजारी चवड्यांवर बसून त्याही पट्टी सोडवू लागल्या. फरशी पुसली, सतरंज्या घातल्या, सभा सुरू झाली. सगळे हात जोडून उभे राहिले. हेडबाईंच्या बोटांवर खळ वाळत होती. त्यांनी ती पुसली नाही.