मिठाचा अंदाज

मार्गशीर्षातलं सकाळचं ऊन पत्र्याच्या शेडमध्ये तिरकं उतरतं आणि मोठ्या पातेल्यातल्या येसराच्या आमटीवरून उठणाऱ्या वाफेत रेंगाळत राहतं. भाजलेल्या धान्यांचा, धण्याचा, सुक्या खोबऱ्याचा तो खमंग, जडसर वास आमच्याकडे लग्नघरांतून यायचा. नवीन जालन्यातल्या आमच्या गल्लीत तो आता रोज येतो, आणि त्याला निमित्त असतं आजारपणाचं. गल्लीतल्या बायकांनी चालवलेलं हे स्वयंपाकघर सरकारी दवाखान्यात आपल्या माणसाच्या उशाशी बसून राहिलेल्या खेड्यापाड्यांतल्या नातेवाइकांना दुपारचं जेवण पाठवतं. या वासात मी पहिल्यांदा उभी राहिले, तेव्हा मला तिथून पळून जावंसं वाटलं होतं.

आमचे हे जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. बदनापूरची नोकरी, रोजची गाडी, संध्याकाळी स्टेशनवरून चालत येणं, सगळं मूत्रपिंडाच्या दुखण्यानं थांबवलं आणि पुढची सहा वर्षं ते घरातच होते. डॉक्टरांनी त्यांचं मीठ बंद केलं. एकाच घरात दोन चवींचा स्वयंपाक करणं मला निष्ठुर वाटलं, म्हणून मीही सोडलं. लिंबाच्या चार थेंबांवर, लसणाच्या फोडणीवर, ओव्याच्या वासावर आम्ही दोघांनी ती वर्षं काढली, आणि खरं सांगते, ती वाईट गेली नाहीत. ते गेल्यावर, आलेली माणसं आपापल्या गावी परतल्यावर, माझा स्वतःवरचा भरवसा कुणाला न कळता गळून गेला. बँकेत सही करताना हात अडखळायचा. भाजीवाल्यानं ‘किती देऊ?’ असं दुसऱ्यांदा विचारलं, की मी काहीच न घेता परत फिरायची. घरी एकटीसाठी रांधलेलं तसंच अळणी गिळायची.

शकुंतलाबाईंचं माहेर कुंभार पिंपळगाव, आणि या स्वयंपाकघराच्या त्या सर्वेसर्वा. त्यांचा आवाज चार घरं ओलांडून जातो. त्या एकदा दारात आल्या, सांत्वनाचा एक शब्द न बोलता उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, “तुमच्या सत्यनारायणाची आमटी अजून याद हाये मला. उद्यापून आमटी तुमच्याकडं.” मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत त्या कोपऱ्यावर पोचल्याही होत्या.

दुसऱ्या दिवशी मी साठ माणसांची आमटी केली. रंग सुरेख उतरला, तर्री आली, वासानं शेजारच्या बायका डोकावून गेल्या. मी चव घेतली नाही. माहेरची शिकवण अशी, की नैवेद्य दाखवायच्या आधी अन्न जिभेला लावायचं नाही, मिठाचा अंदाज हातालाच असला पाहिजे. माझ्या हाताला अंदाज होता, फक्त तो सहा वर्षांपासून शून्याचा होता. नैवेद्याची वाटी देवापुढे ठेवून डबे रिक्षात चढवले, आणि मिठाच्या बरणीला मी हातसुद्धा लावला नव्हता हे मला डबे अर्ध्याहून जास्त भरलेले परत आले तेव्हा कळलं.

मी रडले. लोकांसमोर, पदर तोंडाला लावून, लहान मुलीसारखी रडले. इतक्या लांबून आलेल्या, आधीच कावलेल्या माणसांच्या पोटात माझ्यामुळे धड घासही गेला नव्हता. “मला नाही जमायचं आता, माझी जीभच मेलीय,” असं काहीतरी मी पुटपुटले.

“जीभ कशानं मरती?” शकुंतलाबाई भांडी विसळता विसळता म्हणाल्या. “सवय मोडली, मंग सवय लावायची. उद्या आधी निवद दाखवायचा, मंग तुम्हीच चाखायचं. अन् तुम्ही सांगितल्याबिगर हितं कुनी चिमूटभर बी टाकायचं न्हाई.”

हा नियम ऐकायला सोपा, पण माझ्यासाठी भयंकर होता. ओगराळ्यातली आमटी तळहातावर घ्यायची, चाखायची, आणि दहा बायका हातातली कामं थांबवून तोंडाकडे बघत असताना निर्णय सांगायचा. मला अर्ध्या मुठीतच सगळं खारट लागायचं. मी “बास” म्हणायची आणि आमटी मिळमिळीत जायची. कुणी मागून गुपचूप मीठ टाकायला गेलं, तर शकुंतलाबाई हात धरायच्या. त्यांनी फक्त एक केलं, आमटीच्या डब्यांबरोबर मिठाची एक स्टीलची डबी पाठवायला सुरुवात केली. ज्याला हवं त्यानं वरून घ्यावं. दुपारी डबी परत आली, की मी आधी तिचं झाकण उघडायची. सुरुवातीला ती तळापर्यंत खरवडलेली असायची. पुढे थोडं मीठ उरू लागलं. मधेच एकदा पुन्हा रिकामी आली. पण दुसऱ्या दिवशी तळहात पुढे केला तो मीच, कुणी हाक मारायच्या आधी.

पौषातल्या एका दुपारी डबी भरलेली परत आली. सकाळी भरली होती तशीच, काठोकाठ. शकुंतलाबाईंनी ती उघडून पाहिली, मीठ बरणीत ओतलं, डबी धुऊन पालथी घातली. “बराबर जमलं बगा,” एवढंच म्हणाल्या आणि उद्याच्या भाजीचं बोलू लागल्या.

घरी आले तेव्हा ऊन ओट्यापर्यंत पोचलं होतं. मी ज्वारीची एक भाकरी थापली, मेथी परतली, ताट घेतलं. आपल्याकडे ताट वाढताना पहिल्यांदा मीठ वाढतात; आमच्या घरात ती जागा सहा वर्षं कोरी राहिली होती, आणि ती कोरी ठेवणं ही आमच्या संसारातली शेवटची, दोघांनी मिळून पाळलेली गोष्ट होती. कितीतरी वेळ मी चिमूट धरून बसले. मग मीठ वाढलं. भाजी मला अजूनही थोडी खारट लागली, मधेच डोळे भरून आले, पण मी सावकाश, एकटीनं, सगळं ताट संपवलं आणि आणखी अर्धी भाकरी टाकायला उठले.